कांद्याच्या पेशीतले हिरवे ठिपके

सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शेजारी शेजारी छापलेली दोन चित्रे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असतील. एक गोल आणि एक चौकोन. गोल म्हणजे प्राणिपेशी, चौकोन म्हणजे वनस्पतिपेशी. दोन्हींच्या आत एक मोठा ठिपका, तो केंद्रक. चौकोनाला दुहेरी रेघ, ती पेशीभित्तिका. चौकोनात हिरवे लंबगोल, ती हरितलवके. खाली तक्ता : ‘वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांतील फरक स्पष्ट करा, गुण चार.’ हा तक्ता मी सुमारे तीस वर्षे फळ्यावर लिहिला. मुलांनी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला, मी गुण दिले. सगळ्यांचे चांगले चालले होते.

तरीही आज पेशी शिकवण्याविषयी बोलायचे, तर मला आधी माझी एक चूक सांगितली पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातल्या एका गावी मी शिकवत होतो. सगळा मुलूख कांद्याचा. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कांद्याची चाळ होती. पेशी पाहण्याचा प्रयोग कांद्याच्या पापुद्र्यावर करायचा असतो, त्यामुळे साहित्याची ददात नव्हती. सूक्ष्मदर्शक मात्र शाळेत एकच आणि मुले साठ. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा सेकंद येत. पाहायचे, बाजूला व्हायचे आणि पुस्तकातून आकृती काढायची, अशी आमची पद्धत होती.

एका मुलीने तसे केले नाही. तिने जे दिसले ते काढले. विटांसारख्या लांबट खोल्या, प्रत्येकीत भिंतीला चिकटून बसलेला एक ठिपका, बाकी सगळे रिकामे. मी तिच्या प्रयोगवहीत लाल शाईने लिहिले, ‘हरितलवके कुठे आहेत?’ आणि पाचातले दोन गुण कापले. ती वही घेऊन आली. म्हणाली, “सर, मला हिरवं काहीच दिसलं नाही.” मी म्हणालो, “अगं, पुस्तकात आहेत ना? मग काढायची.” दुसऱ्या दिवशी तिने हिरव्या पेन्सिलीने नीटनेटके ठिपके काढून आणले. मी पाचपैकी पाच दिले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाने तोच प्रश्न केला. या वेळी मी स्वतः नेत्रभिंगाला डोळा लावून बसलो. एक काचपट्टी पाहिली, दुसरी पाहिली. हिरवे काही सापडेना. प्रयोगशाळेत मदतीला असलेले आमचे शिपाईमामा मागे उभे होते. ते म्हणाले, “कांद्यात हिरवं कसं दिसंल सर? पात हिरवी असती. कांदा तर पांढरा.”

बस, एवढेच होते. हरितलवके प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. कांद्याच्या आतले मांसल पापुद्रे उजेडाआड असतात, त्यांचे काम अन्न साठवण्याचे. तिथे हरितलवके हवीत कशाला? पुस्तकातले चित्रही चूक नव्हते. ते ‘कुठल्याही एका’ पेशीचे नव्हतेच. अनेक पेशींत जे जे आढळते, ते सगळे एकत्र मांडलेला तो एक नकाशा होता. तो नकाशा मी खरा मुलूख समजलो आणि जिने मुलूख पाहिला, तिचे गुण कापले.

त्यानंतर माझी शिकवण्याची पद्धत हळूहळू बदलली. ती कशी, ते थोडे तपशिलाने सांगतो. घरी पालकांनाही त्यातले काही करून पाहता येईल.

पहिली गोष्ट, वहीचे पान मधोमध दुमडायचे. डाव्या बाजूला लिहायचे ‘मी पाहिले’ आणि उजव्या बाजूला ‘मला सांगितले’. कांद्याच्या फोडीतला एक मांसल पापुद्रा घेऊन मोडला की आतल्या, खोलगट बाजूने चिमट्याने पारदर्शक पातळ साल निघते. ते काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचे, वर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि काचेचे पातळ झाकण एका कडेने तिरके टेकवत सावकाश सोडायचे. तिरके अशासाठी, की आत हवेचे बुडबुडे राहू नयेत. कारण या बुडबुड्यांनी फार घोटाळा होतो. काळ्याभोर कडेचा, अगदी वाटोळा बुडबुडा दिसला की वर्गात हमखास आरोळी उठते, “सर, पेशी सापडली!” पुस्तकातली पेशी वाटोळी असते ना! मुले डोळ्यांनी पाहत असतात, पण शोधत असतात पुस्तकातले चित्र.

आता डाव्या बाजूला काय येते? पेशीभित्तिका येते, केंद्रक येते. तंतुकणिका, गॉल्गी संकुल ही नावे मुलांना पाठ असतात, पण शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकात ती दिसत नाहीत. ती उजव्या बाजूला जातात. यात कमीपणा काही नाही. विज्ञानातल्या पुष्कळ गोष्टी आपण दुसऱ्यांच्या पाहण्यावर विश्वास ठेवूनच शिकतो. मात्र आपण स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे मुलाला ठाऊक असले पाहिजे.

पेशीचा इतिहासही मी याच ठिकाणी सांगतो. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्याने त्यांना ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. एका घन इंच बुचात असे शंभर कोटींहून अधिक कप्पे असतील, असा हिशेबही त्याने मांडला. पण बुचाच्या पेशी मेलेल्या असतात. हूकने पाहिल्या त्या नुसत्या भिंती. राहणारा कधीच निघून गेला होता. केंद्रकाला त्याचे इंग्रजी नाव मिळाले ते पुढे १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून. सर्व वनस्पती आणि सर्व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत, हा सिद्धान्त श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये मांडला. म्हणजे ‘सेल’ हा शब्द मिळाल्यापासून हा सिद्धान्त हाती यायला पावणेदोनशे वर्षे लागली. आपण मात्र तो पस्तीस मिनिटांच्या एका तासात उरकतो आणि मुलांना कळले नाही म्हणून वैतागतो.

दुसरी गोष्ट प्राणिपेशीची. त्यासाठी लांब जायला नको. चूळ भरून, स्वच्छ काडीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, ते काचपट्टीवर पसरून मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा. प्रत्येकाने आपलीच काडी वापरायची आणि वापरल्यावर ती जंतुनाशकात टाकायची. गालाच्या पेशी दिसतात त्या चपट्या, वेड्यावाकड्या, कुठे कडा दुमडलेल्या, कुठे एकमेकींवर चढलेल्या. पुस्तकातल्यासारखी वाटोळी एकही नसते. निळा केंद्रक मात्र ठळक दिसतो. कांद्याची पेशी साधारण पाव-अर्धा मिलिमीटर लांब, तर गालाची त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. आपल्या शरीरात अशा लहानमोठ्या सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा अंदाज आहे. ‘ही माझी पेशी,’ असे म्हणताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

आता दोन्ही चित्रे मुलांच्या स्वतःच्या वहीत आहेत. मग फरकाचा तक्ता मी सांगत नाही. प्रश्न विचारतो : भिंत कांद्यालाच का? गालाला का नाही?

यासाठी एक पुठ्ठ्याचे खोके आणि एक प्लॅस्टिकची पिशवी पुरते. पिशवीत पाणी भरून तोंड बांधायचे. ही प्राणिपेशी. टेबलावर ठेवली की पसरते, बोटाने दाबली की आकार बदलते. अशा दहा पिशव्या एकावर एक रचून पाहा, रचता येत नाहीत. आता तीच पिशवी खोक्यात बसवायची. पाण्याने पिशवी फुगते, खोक्याच्या भिंतींवर आतून रेटते आणि खोके ताठ राहते. अशी खोकी छतापर्यंत रचता येतात. झाडाला हाडे नसतात, तरी नारळ उंच उभा राहतो. त्यात या भिंतींचा मोठा वाटा आहे. उलट आपल्याला धावायचे, वाकायचे, गिळायचे असते. प्रत्येक पेशीभोवती भिंत असती, तर स्नायू आकुंचन पावले कसे असते? एवढे झाले की मुले तक्ता स्वतः लिहितात आणि ‘का’सह लिहितात.

पिशवीतले पाणी म्हणजे रिक्तिका. पुस्तकात ती नुसती पांढरी मोकळी जागा दिसते, म्हणून मुलांना ती बिनमहत्त्वाची वाटते. इथे आपला लाल कांदा मदतीला येतो. लाल कांद्याच्या मांसल पापुद्र्याचे बाहेरच्या, फुगीर बाजूचे जांभळट साल काढून पाहा. रंगद्रव्य काही घालावे लागत नाही. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसातच असतो आणि पेशी काठोकाठ भरलेली दिसते. आता अर्ध्या कप पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्याचा थेंब झाकणकाचेच्या एका कडेला सोडायचा आणि दुसऱ्या कडेने टीपकागदाने ओढून घ्यायचा. काही मिनिटांत जांभळा गोळा भिंतीपासून सुटून आत आक्रसतो. भिंत जागच्या जागी, आतला ऐवज आखडलेला. भिंत वेगळी आणि तिच्या आतले पेशीपटल वेगळे, हे शंभर वेळा सांगून न कळणारे वाक्य इथे एका नजरेत कळते. लगेच साधे पाणी दिले तर गोळा पुन्हा फुगतो.

एकदा हे पाहून एक मुलगा म्हणाला, “म्हणून आई कोशिंबिरीत मीठ शेवटी घालते!” अगदी बरोबर. काकडीला मीठ लागले की पेशींतले पाणी बाहेर येते. मलूल झालेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की तरारते, ती रिक्तिका पुन्हा भरल्यामुळे. पेशी प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आली, की ती मुलाची झाली असे मी समजतो.

हरितलवके दाखवायची तर कांदा सोडून द्यावा. मासे ठेवण्याच्या काचपेटीत हायड्रिला नावाची पाणवनस्पती वाढवतात. तिचे पान इतके पातळ असते, की अख्खे पान काचपट्टीवर ठेवता येते. हिरवे दाणे स्वच्छ दिसतात आणि काचपट्टी जरा उजेडात, उबेत राहिली तर ते पेशीच्या कडेकडेने सरकताना दिसतात. मुले श्वास रोखून पाहतात. पेशी जिवंत असते हे त्या दिवशी त्यांना पटते.

आणखी एक गैरसमज सांगतो, कारण तो तक्त्यातूनच जन्मतो. ‘वनस्पतींत हरितलवके, प्राण्यांत तंतुकणिका’ असे पुष्कळ मुले लिहितात. तंतुकणिका दोन्हींत असतात. झाड अन्न तयार करते, तसे ते वापरतेही, आणि त्यासाठी रात्रंदिवस श्वसन करते. मोड आलेले हरभरे थर्मासमध्ये भरून बुचातून थर्मामीटर खोचून ठेवा. दुसऱ्या दिवशी पारा चढलेला दिसतो. ती ऊब श्वसनाची.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाच्या घडीचा ‘फोल्डस्कोप’ हा स्वस्त सूक्ष्मदर्शक तयार केला आणि त्याची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तो दप्तरात मावतो. मोबाइलचा कॅमेरा नेत्रभिंगाला लावून साऱ्या वर्गाला चित्र दाखवता येते. फक्त एक करावे. मुलाने आधी स्वतः डोळा लावून पाहावे, वहीत काढावे, मग पडदा दाखवावा.

शेवटी त्या मुलीविषयी. निवृत्तीनंतर एकदा एस. टी. स्टँडवर ती भेटली. सोबत सातवीतला मुलगा होता. मी अभ्यासाची चौकशी केली. ती म्हणाली, “सर, याच्या प्रयोगवहीतल्या आकृत्या मीच बघून देते. कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके विसरला होता, ते काढून घेतले.”

मी तिला तिथेच सगळे सांगितले. तुझी आकृती बरोबर होती, चूक माझी होती, आणि हे सांगायला मला फार उशीर झाला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटत होतं, माझेच डोळे अधू आहेत.”

गाडी लागली. चढता चढता ती मुलाला म्हणाली, “घरी गेल्यावर वही काढ. ते ठिपके खोडायचेत.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)