परळीच्या गडाभोवती एक फेरी

मंडळी, सज्जनगडाला गेला नाही असा माणूस आपल्या सातारा-सांगलीकडे शोधूनच काढावा लागेल. पण कसे गेलात, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच. मोटारीने गेलो, वरच्या थोड्या पायऱ्या चढलो, समाधीचे दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि उतरलो. यात वावगे काहीच नाही. दर्शन झाले हे खरेच. पण गड पाहिला का? आणि ज्या परळी गावाच्या नावाने हा गड शेकडो वर्षे ओळखला गेला, ते गाव पाहिले का? म्हणून आज एक पायी फेरी सांगावयाची आहे. परळीतून चढावे, गडावर हिंडावे, गजवाडीच्या बाजूला उतरावे आणि उरमोडीच्या खोऱ्यातून पुन्हा परळीला यावे. अर्धा-पाऊण दिवसाचे काम आहे. शाळेची सहल न्यायची असेल, तर गुरुजींनी हे जरा लक्ष देऊन ऐकावे.

सुरुवात गावातून करू. साताऱ्याच्या नैऋत्येला, उरमोडी नदीच्या काठी परळी वसले आहे. गावाच्या कडेला शंकराची दोन जुनी देवळे आहेत, यादवकाळच्या धाटणीची. त्यांतल्या एकाची बरीच पडझड झाली आहे. जवळपास वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तो खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मध्ये अप्सरा त्याला नेतात, वर तो शिवाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे जोवर चंद्रसूर्य तोवर ही कीर्ती! मुलांना एकदा ही किल्ली दिली, की कोणत्याही गावचा वीरगळ ती आपणहून वाचू लागतात. आपल्याकडे कितीतरी गावांत असे दगड पारावर नाहीतर उकिरड्याच्या कडेला पडून आहेत. कोणी कपडे आपटतो, कोणी शेंदूर फासतो. वाचता येत नाही म्हणून ही दशा, दुसरे काय?

आता चढ. गावातून गडावर जुनी पायऱ्यांची वाट जाते. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पायथ्यापासून गड सुमारे हजार फूट उंच. चढताना डोंगराच्या अंगाकडे नीट पाहा. एकावर एक भाकरी रचाव्यात तसे थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे पुन्हापुन्हा घडले. त्यातून आपला काळा पाषाण तयार झाला. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजतो आणि तेथे उतार तयार होतो. टणक थर सहसा झिजत नाही, तो ताशीव कड्यासारखा उभा राहतो. ओढ्याला फट सापडली की तो खोल कापत जातो, त्याची घळ होते. सह्याद्रीत गडांना तटबंदी कमी आणि कडे जास्त, त्याचे कारण हेच. निम्मा किल्ला निसर्गानेच बांधून ठेवलेला होता. माणसाने फक्त चढण्याजोग्या जागा बुजवल्या आणि तेथे दरवाजे घातले.

चढताना गडाखालच्या रानात रामघळ आहे. समर्थ तेथे एकांतात बसत असे सांगतात. मग दरवाजे लागतात. तेथे फारसी अक्षरांचा शिलालेखही आहे. मराठी संताच्या गडावर फारसी लेख कसा? गड आधी आदिलशाहीत होता. शिवाजी महाराजांनी तो 1673 साली घेतला. 1676 मध्ये समर्थ रामदास येथे राहावयास आले आणि परळीच्या किल्ल्याचा सज्जनगड झाला. माघ वद्य नवमी, शके 1603, म्हणजे 1682 च्या आरंभी समर्थांनी येथेच देह ठेवला. म्हणून दासनवमीला येथे यात्रा भरते. पुढे 1700 साली औरंगजेबाने आधी साताऱ्याचा किल्ला घेतला आणि मग परळीला वेढा घातला. ऐन पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये गड त्याच्या हाती गेला. त्याने नाव दिले नौरसतारा. ते नाव आज कोणाच्या तोंडी आहे? 1818 मध्ये इंग्रज आले, तेही गेले. लोकांच्या जिभेवर सज्जनगडच राहिला.

वर आल्यावर दर्शन झाले की लगेच परतू नका. घोडाळे आणि सोनाळे ही तळी पाहा. गडाला भिंत नसली तरी एक वेळ चालते, पाणी नसले तर चालत नाही. म्हणून पाऊस अडवून साठवण्याची सोय आधी केलेली असे. मग पश्चिमेच्या टोकाला धाब्याच्या मारुतीकडे जा आणि खाली पाहा. उरमोडी धरणाचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. दक्षिणेकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतात. त्याच अंगाला ठोसेघरचे धबधबे आहेत. उत्तरेला यवतेश्वर-कासची रांग आहे.

या पाण्यापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. खोऱ्यातली गाळाची जमीन, वाटा, बांध, घरे या पाण्याखाली गेली. आणि हेच पाणी माण-खटावच्या तहानलेल्या रानापर्यंत न्यावयाचे म्हणून हे धरण. एकाने जमीन दिली तेव्हा दुसऱ्याचे शेत भिजणार. नकाशावर हे सारे एका निळ्या ठिपक्यात मावते. मुलांना येथे उभे करून विचारावे, कोणी काय दिले आणि कोणाला काय मिळाले? उत्तर पाठ करून देता येणार नाही, विचार करावा लागेल. उरमोडी पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा सांगलीच्या घाटावरून जाते. म्हणजे गडावर पडलेला पाऊस सांगलीकरांच्याही दारावरून वाहतो. हे खोरे आपल्या सगळ्यांचे आहे ते असे.

उतरताना गजवाडीच्या बाजूचा वळणावळणाचा मोटाररस्ता धरा. रस्त्यावर एका कडेने, एकामागे एक चालावे. गजवाडीहून परळी तीनेक किलोमीटर. डाव्या-उजव्या हाताला शेते, समोर खोरे, मागे वळून पाहिले की गड. सकाळी जो पायाखाली होता तोच आता डोक्यावर! फेरीची खरी मौज येथे कळते.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भर पावसात पायऱ्या निसरड्या होतात, धुक्यात कडा दिसत नाही. कड्याच्या टोकाशी मुलांना जाऊ देऊ नये. डोंगरात आग्या मोहोळाची भीती असते. म्हणून धूर, आरडाओरड, दगड मारणे सक्त वर्ज्य. दर माणशी दोन तांबे पाणी, भाकरी-चटणी आणि डोक्याला टोपी एवढे पुरे. एक जाणते माणूस पुढे, एक मागे. नेलेला कागद, पिशवी आपल्याबरोबर परत यावी.

आणि शेवटचे. वाट ही चालणाऱ्यांमुळे टिकते. चालणे थांबले की दोन पावसाळ्यांत झुडपे तिला गिळतात आणि तिच्या कडेचे देऊळ, वीरगळ, टाके आधी नजरेआड होतात आणि मग आठवणीतून जातात. मोटाररस्ता झाला ही म्हाताऱ्याकोताऱ्यांची मोठी सोय झाली. पण ज्यांचे गुडघे धड आहेत, त्यांनी वर्षातून एकदा तरी परळीच्या पायऱ्यांनी चढावे. आणि परळी लांब पडत असेल, तर तुमच्या गावामागचा डोंगर आहेच की! त्याच्याभोवती एक फेरी घाला. काय दिसले ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. गावाचा इतिहास लिहावयास याहून चांगली सुरुवात नाही.