साकरवाडीचे जेतवन

कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे, साखर कारखान्याच्या गर्द झाडीच्या आवारात, परिसरातील आंबेडकरी बौद्ध समाजाच्या साधनेसाठी व कौशल्यशिक्षणासाठी उभारलेले ‘जेतवन’ केंद्र प्रत्येक नगरकराने आवर्जून पाहावे, असे मला मनापासून वाटते. मुंबईचे वास्तुविशारद समीप पडोरा यांच्या संस्थेने, एकही वृक्ष न तोडण्याचा निर्धार करून, झाडांमधल्या मोकळ्या जागा हेरून सुट्या इमारतींची तजवीज केली आणि बांधकामासाठी २००१ च्या भूकंपानंतर भुज येथे उदयास आलेल्या ‘हुन्नरशाला’ संस्थेचे साहाय्य घेतले.

भिंती निरखून पाहाव्यात. खडी फोडल्यावर खाणीत जी काळ्या दगडाची भुकटी उरते व एरवी ढिगाने पडून राहते, तीच साच्यात थराथराने भरून, धुमसाने ठोकून, छपराचा भार पेलणाऱ्या या भिंती सिद्ध झाल्या आहेत. वर मोडीत निघालेल्या गलबतांचे लाकूड, त्यावर उष्णता अडवणारा मातीचा थर आणि जुनी कौले. नेहमीचे छप्पर आढ्यापासून बाहेर उतरते. येथे ते आत उतरते, त्यामुळे कडा उंचावतात व आत बसलेल्याला भोवतालची झाडे दिसत राहतात. नकाशे धाडून मोकळे न होता कारागिरांच्या ज्ञानाला रचनेतच स्थान देण्याची पडोरा यांची ही वृत्ती मला विशेष आदरणीय वाटते.

पडोरा यांच्याच संस्थेने कोपरगावच्या शाळेत बांधलेले माया सोमैया ग्रंथालयही पाहावे : विटांच्या पातळ, कमानदार छपरावरून मुले खुशाल चालत जातात.