दिव्यांतील विहीर व शेवंतीचा बहर

गेल्या वर्षीं भाद्रपदांत माझ्या मेहुण्यानें अर्ध्या एकरांतील शेवंतीवर दिवे लावले. हेतु असा कीं, बहर दसरा-दिवाळीच्या गर्दींत न येतां मार्गशीर्षांतील गुरुवारांच्या सुमारास यावा. त्या वेळीं फुलास मागणी असते व बाजारांत माल थोडा असतो. दुकानदारानें ‘हे खास झाडांचे दिवे’ असें सांगून जांभळट निळ्या उजेडाच्या माळा दिल्या, आणि कांहीं दिव्यांवर लाल कागद गुंडाळला कीं लाल दिव्याचेंही काम भागतें, असा सल्लाही दिला. दिवे रोज मध्यरात्रीं नियमानें लागले, विजेचें बिल वाढलें, आणि शेवंतीनें आपल्या ठरल्या वेळीं, गांवांतील इतर शेवंतीबरोबरच, कळी धरली. फूल भरल्या बाजारांत पडत्या भावानें विकावें लागलें.

मेहुण्याचें म्हणणें, दिव्यानें बहर लांबतो ही गोष्टच खोटी. मला तसें वाटेना. माझी नोकरी महसुली दप्तरांत गेली. पदार्थविज्ञान हा कांहीं माझा विषय नव्हे. परंतु फेरफाराच्या नोंदींत चूक दिसली तर मूळ कागदापर्यंत जावें, ही दप्तराची संवय अंगीं मुरलेली. तेव्हां या दिव्याचा मूळ कागद कोणता, म्हणजे त्याचा रंग येतो कोठून, याचा शोध घेत गेलों. जें समजलें तें वाचकांपैकीं ज्यांस असे दिवे घ्यावयाचे असतील त्यांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें मांडीत आहें.

उजेड कसा निघतो.— जुन्या पिवळ्या बल्बांत धातूची तार तापून उजळते. तिच्या हातून उष्णता फार व उजेड थोडा होतो. एल.ई.डी. दिव्यांत तार नसते. अर्धवाहक पदार्थाचा एक बारीक स्फटिक असतो. अर्धवाहक म्हणजे तांब्याइतकी सुखानें वीज वाहूं न देणारा आणि कांचेप्रमाणें अगदींच न अडविणारा पदार्थ. अशा स्फटिकांत विद्युत्कणांस राहण्यास जणूं दोन मजले असतात, आणि मधल्या उंचीवर कोणास उभें राहतां येत नाहीं. मजल्यांमधील ही उंची प्रत्येक पदार्थाची ठरलेली आहे. वीज सुरू केली कीं एका बाजूनें वरच्या मजल्यावर विद्युत्कण येतात व दुसऱ्या बाजूनें खालच्या मजल्यावर रिकाम्या जागा येतात. या रिकाम्या जागांस आपण पोकळ्या म्हणूं. दोघांची गांठ पडली म्हणजे विद्युत्कण उतरून पोकळी भरतो, आणि उतरतांना सुटलेली शक्ति उजेड होऊन बाहेर पडते.

उतार मोठा तर उजेड निळा, उतार लहान तर तांबडा. याचा हिशेब साध्या भागाकाराचा आहे. उतार इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापानें मोजतात आणि उजेडाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरनें. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असतां एक भाग तो नॅनोमीटर. १२४० या संख्येस उतारानें भागिलें कीं लहरीची लांबी मिळते. उतार १.८८ असेल तर सुमारें ६६० नॅनोमीटर, म्हणजे गडद लाल, उतार २.७६ असेल तर सुमारें ४५० नॅनोमीटर, म्हणजे निळा. यावरून ध्यानांत येईल कीं, दिव्याचा रंग वरच्या कांचेंत किंवा प्लॅस्टिकांत नसून स्फटिकाच्या पोटांत असतो.

विहीर कशासाठीं.— सपाट रानांत पाणी मोकळें सोडिलें तर तें चोहोंकडे पसरतें, भेगांत मुरतें आणि पिकाच्या मुळाशीं थोडेंच राहतें. जाड स्फटिकांत विद्युत्कण व पोकळ्या यांचें तसेंच होतें. त्यांची गांठ पडण्यापूर्वींच ते स्फटिकांतील दोषांच्या जागीं जातात आणि शक्ति उजेड न होतां उष्णतेंत फुकट जाते. यावर उपाय असा काढला कीं, मोठ्या उताराच्या दोन थरांमध्यें लहान उताराच्या पदार्थाचा एक अत्यंत पातळ थर घालावयाचा. दोन्ही बाजूंनीं येणारे कण त्या थरांत पडतात, सहसा बाहेर निघत नाहींत, आणि तेथेंच एकमेकांस भेटतात. शास्त्रज्ञांनीं या थरास नांवच मुळीं ‘क्वांटम विहीर’ असें दिलें आहे. वेगवेगळ्या पदार्थांचे थर असे जोडण्याची कल्पना १९६३ सालीं हर्बर्ट क्रोमर यांनीं व स्वतंत्रपणें रशियांत झोरेस आल्फेरोव्ह यांनीं पुढें आणली. दोघांस २००० सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

आपल्या विहिरींत पाणी वाटेल त्या पातळीस राहतें. या विहिरींत तसें नाहीं. जुन्या बारवेंत उतरणारा मनुष्य पायरीवरच उभा राहूं शकतो, दोन पायऱ्यांच्या मध्यें नाहीं. त्याप्रमाणें येथें विद्युत्कणास ठराविक पायऱ्याच मोकळ्या असतात. आणखी नवल असें कीं, सर्वांत खालची पायरी तळाशीं नसून तळापासून कांहीं उंचीवर असते, आणि विहीर जितकी अरुंद तितकी ही पायरी वर चढते. कारण विद्युत्कण हा लहरीसारखाही वागतो. एकतारीची तार बोटानें दाबून आंखूड केली कीं सूर चढतो, तशीच आंखूड जागेंत कोंडलेल्या लहरीची शक्ति चढते. विहिरीच्या भिंती फारच उंच धरून हिशेब केला तर रुंदी निम्मी होतांच पायरीची उंची चौपट होते. बेल प्रयोगशाळेंत डिंगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं गॅलियम आर्सेनाइडाच्या पातळ थरांत या पायऱ्या प्रत्यक्ष दाखविल्या.

अर्थात् दिवा करणाऱ्याच्या हातीं रंगाच्या दोन किल्ल्या आल्या: पदार्थांचें मिश्रण आणि थराची जाडी. जाडी किती म्हणाल, तर निळ्या दिव्यांत ती बहुधा दोन-तीन नॅनोमीटर असते. आपल्या डोक्याचा केंस तिच्यापेक्षां पंचवीस हजार पटींनीं अधिक जाड भरेल.

निळ्या दिव्याची तपश्चर्या.— डोळ्यांस दिसणारा लाल एल.ई.डी. दिवा निक होलोन्याक यांनीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत १९६२ सालीं केला. चांगला तेजस्वी निळा दिवा होण्यास त्यापुढें तीस वर्षें लागलीं. त्यास योग्य पदार्थ गॅलियम नायट्राइड हा होय. त्याचा उतार ३.४ असल्यामुळें तो एकटा अदृश्य जंबुपार उजेड देतो. त्यांत इंडियम मिसळिलें कीं उतार घटून उजेड निळा व पुढें हिरवा होतो. पण अडचणी दोन होत्या.

पहिली जमिनीची. हा स्फटिक नीलमण्याच्या चकतीवर वाढवावा लागे, आणि दोघांच्या अणूंचें अंतर जुळत नसल्यामुळें थर भेगाळून खडबडीत होई. जपानांत नागोया येथें इसामु आकासाकी व त्यांचे शिष्य हिरोशी आमानो यांनीं १९८६ सालीं चकतीवर आधीं कमी तपमानांत अॅल्युमिनियम नायट्राइडाचा पातळ थर दिला व त्यावर मूळ स्फटिक वाढविला. माळाच्या मुरमावर तळ्याचा गाळ पसरून मग पीक घ्यावें, तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण पोकळ्यांची. त्या मिळविण्यासाठीं स्फटिकांत मॅग्नेशियम घालीत, पण तें तेथें असूनही काम करीत नसे. चुनखडीच्या जमिनींत स्फुरद असूनही पिकास लागत नाहीं, हें बागाईतदारांस सांगावयास नको. येथें मॅग्नेशियमास हायड्रोजन बांधून ठेवीत होता. आकासाकी व आमानो यांस १९८९ सालीं असें आढळलें कीं, विद्युत्कणांचा झोत मारिला असतां मॅग्नेशियम कामास लागतें. शुजि नाकामुरा हे शिकोकु बेटावरील निचिया या कंपनींत होते. त्यांनीं १९९२ सालीं दाखवून दिलें कीं, स्फटिक नायट्रोजनांत नुसता तापविला तरी हायड्रोजन निघून जातो. १९९३ सालीं त्यांचा तेजस्वी निळा दिवा बाहेर पडला, व १९९५ सालीं एका क्वांटम विहिरीचे निळे व हिरवे दिवे त्यांनीं करून दाखविले. या तिघांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या पदार्थांत एक खोड आहे. त्याच्या अंगांतच विजेचा ताण असतो. विहीर रुंद केली तर विद्युत्कण एका भिंतीशीं व पोकळी दुसऱ्या भिंतीशीं जाऊन बसते आणि दोघांची भेट दुरावते. म्हणून विहीर अरुंदच ठेवावी लागते. तसेंच वीज प्रमाणाबाहेर सोडिली तर उजेड त्या मानानें वाढत नाहीं. जास्तीच्या विजेचा अधिकाधिक भाग वायां जातो.

पांढरा दिवा व लाल कागद.— आपल्या घरांतील पांढरा एल.ई.डी. दिवा मुळांत निळाच असतो. स्फटिकावर पिवळ्या भुकटीचा लेप देतात. ती कांहीं निळा उजेड शोषून पिवळा देते, आणि दोन्ही मिळून डोळ्यांस पांढरा भासतो. मोठ्या शक्तीचा उजेड घेऊन लहान शक्तीचा देणें हें भुकटीस साधतें. रंगीत कागदाची गोष्ट वेगळी. कागद केवळ गाळणी आहे. तो उजेड अडवितो, नवा निर्माण करीत नाहीं. निळ्या दिव्यांत लाल उजेड मुळींच नाहीं, तर लाल कागदांतून बाहेर काय येणार? बहुतेक अंधारच. मेहुण्याच्या कागद गुंडाळलेल्या दिव्यांचें हेंच झालें.

शेवंतीस काय हवें.— शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली कीं ती कळी धरते. रात्रीच्या मध्यास उजेड दाखविला कीं तिची गणती मोडते व ती पाल्यांतच राहते. ही गणती पानांतील फायटोक्रोम नांवाचें रंगद्रव्य करतें. त्यास सुमारें ६६० नॅनोमीटरचा लाल उजेड जागवितो आणि सुमारें ७३० नॅनोमीटरचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा, अतिलाल उजेड तें काम पुसून टाकतो. ही उलटसुलट क्रिया अमेरिकेंतील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधकांनीं १९५२ सालीं सॅलडच्या बियांवर सिद्ध केली. निळा उजेड या कामीं फार दुबळा पडतो. म्हणजे युक्ति खोटी नव्हती. दिव्यांतील विहीर चुकीची होती. गडद लाल दिव्याची विहीर अॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम व फॉस्फरस यांच्या मिश्रणाची असते, आणि ती कागदानें बनत नाहीं.

घेणाऱ्यानें काय पाहावें.— पहिली गोष्ट, ‘झाडांचा दिवा’ या नांवावर जाऊं नये. वेष्टनावर लहरीची लांबी नॅनोमीटरांत लिहिली आहे कीं नाहीं तें पाहावें. दुसरी, घरांत एखादी जुनी सी.डी. असल्यास अंधारांत तिच्यावर दिव्याचा उजेड पाडून पाहावा. पांढऱ्या दिव्याचा पट्टा निळ्यापासून तांबड्यापर्यंत दिसेल, अस्सल लाल दिव्याचा फक्त तांबडा दिसेल, आणि तांबडा दिसलाच नाहीं तर दिवा परत करावा. तिसरी, स्फटिकास व त्यामागील विजेच्या जोडणीस उष्णता मानवत नाहीं. दिवा बंद डब्यांत कोंडूं नये. चौथी, ओल्या रानांत तारांचे जोड उघडे ठेवूं नयेत आणि गळती होतांच वीज तोडणारी कळ अवश्य बसवावी. पांचवी व सर्वांत महत्त्वाची, पहिल्या वर्षीं सारें रान पणास न लावितां चार सऱ्यांवर प्रयोग करून पाहावा, व शेजारच्या सऱ्या ताळ्यासाठीं बिनदिव्याच्या ठेवाव्या.

मेहुण्यानें यंदा तसेंच केलें. चार सऱ्यांवर ६६० नॅनोमीटरचे दिवे टांगून ते मध्यरात्रीं लाविले आणि आश्विनाच्या आरंभीं बंद केले. दिवाळीस बाकीचें रान फुललें, तेव्हां त्या चार सऱ्या हिरव्या पाल्यांतच उभ्या होत्या. आज हें लिहीत असतां त्यांवर बारीक कळी दिसूं लागली आहे. भाव काय मिळतो तें मार्गशीर्षांत कळेल. परंतु दिवा खोटा नव्हे, एवढें मेहुण्यानें कबूल केलें आहे.