विश्लेषण : ‘मोटर न्यूरॉन’ आजारात स्मृतीवरही परिणाम होतो?

मोटर न्यूरॉन आजार म्हटले की भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आठवतात. वयाच्या २१ व्या वर्षी निदान होऊनही ते पुढे अर्धशतकाहून अधिक काळ संशोधन करत राहिले. त्यामुळे या आजारात शरीर थकले तरी बुद्धी शाबूत राहते, असा समज रूढ झाला. सर्वच रुग्णांबाबत तो खरा नाही.

हा आजार नेमका काय आहे?

मेंदू आणि मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचे आदेश देतात, त्या या आजारात नष्ट होत जातात. हातापायांतील बळ जाते. बोलणे, गिळणे आणि श्वास घेणे कठीण होते. ‘एएलएस’ हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार.

किती रुग्णांमध्ये मेंदूचे बदल दिसतात?

एएलएसच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या विचारप्रक्रियेत वा वर्तनात काही बदल आढळतात. अनेकांत ते सौम्य असतात. साधारण १० ते १५ टक्के रुग्णांना मात्र फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे कपाळामागील व कानशिलाजवळील मेंदूचा भाग झिजवणारा स्मृतिभ्रंश होतो.

हे विस्मरण अल्झायमरसारखेच असते का?

सहसा नाही. अल्झायमरमध्ये नवी माहिती मेंदूत टिकणेच अवघड होते. इथे अडचण बहुधा लक्ष देणे, नियोजन करणे, शब्द किंवा माहिती वेळेवर शोधून काढणे यात असते. काही रुग्णांत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भागही बाधित होतो. निरुत्साह हा वर्तनातील सर्वाधिक दिसणारा बदल. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्याने रात्री झोप मोडते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यानेही एकाग्रता ढासळते. हे कारण उपचारांनी आटोक्यात आणता येते, म्हणून ते आधी तपासावे लागते.

यामागचे कारण काय?

एएलएसच्या बहुतांश रुग्णांच्या चेतापेशींत ‘टीडीपी-४३’ या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. हेच प्रथिन फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांतही आढळते, हे २००६ मध्ये समोर आले. ‘सी९ओआरएफ७२’ या जनुकातील दोष दोन्ही आजारांना कारणीभूत ठरतो, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे हे दोन आजार एकाच साखळीची दोन टोके मानले जातात.

निदान कसे होते?

नेहमीच्या स्मृतिचाचण्यांत बोलावे, लिहावे लागते. हात किंवा जीभ साथ देत नसेल तर गुण कमी पडतात आणि दोष बुद्धीवर येतो. म्हणून एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी ‘ईकास’ ही चाचणी तयार केली. साधारण २० मिनिटांच्या या चाचणीत रुग्ण बोलून वा लिहून उत्तरे देऊ शकतो. कुटुंबीयांनाही रुग्णाच्या वर्तनाबद्दल विचारले जाते.

वेळेत ओळखणे का महत्त्वाचे?

पोटात अन्ननळी बसवायची का, श्वसनयंत्र वापरायचे का, आर्थिक व्यवहार कोणी पाहायचे, हे निर्णय रुग्णाला समजून-उमजून घेता येतील तोवर व्हायला हवेत. आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. पण एका वेळी एकच गोष्ट विचारणे, दोनच पर्याय देणे, सूचना लिहून ठेवणे यांमुळे दैनंदिन जगणे सुकर होते. आणि घरच्यांना हट्ट किंवा आळस वाटणारे वागणे हे आजाराचेच लक्षण आहे, हे कळले की घरातले बरेच वाद टळतात.