ध्रुवप्रदेशातील उमेदवारी : आर्क्टिक जीवशास्त्राचे क्षेत्रकार्य आणि विद्यार्थ्याचे शिक्षण

सुताराच्या, सोनाराच्या किंवा विणकराच्या हाताखाली काही वर्षे राहून विद्या आत्मसात करण्याच्या पद्धतीस आपल्याकडे ‘उमेदवारी’ असे म्हणतात. उमेदवार पोथी वाचून धंदा शिकत नाही. उस्ताद हत्यार कसे धरतो, कोणत्या वेळी हात आवरतो, बिघडलेला सांधा कसा उकलतो, हे पाहत पाहत त्याचा हात तयार होतो. विद्यापीठांतून आज ‘इंटर्नशिप’ या नावाने जे शिक्षण रूढ झाले आहे, ते मूलतः हीच उमेदवारी होय. प्रस्तुत लेखात आर्क्टिक प्रदेशातील जीवशास्त्राच्या उमेदवारीचा विचार करावयाचा आहे. सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या चांदवडच्या विद्यार्थ्याला हा विषय फार दूरचा वाटेल, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या बर्फाळ प्रदेशात विद्यार्थी जे शिकतो त्याचा फारच थोडा भाग बर्फाशी निगडित असतो. उरलेला भाग निरीक्षणाच्या शिस्तीचा आहे, आणि तो चांदवडच्या डोंगरावरही शिकता येतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेणे इष्ट ठरेल. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे ७८ अंश ५५ कला उत्तर अक्षांशावर, नी-ओलेसुन ही वसाहत आहे. ती मूळची कोळशाच्या खाणीची वसाहत. १९६२ साली तेथील खाणीत झालेल्या स्फोटात २१ कामगार मृत्युमुखी पडले, त्यानंतर खाण बंद झाली, आणि पुढे त्या वस्तीचे रूपांतर अनेक राष्ट्रांच्या संशोधनकेंद्रात झाले. या द्वीपसमूहाशी आपल्या देशाचा कायदेशीर संबंध जुना आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झालेल्या स्वालबार करारावर ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानच्या वतीनेही सही झाली होती. प्रत्यक्ष वैज्ञानिक संबंध मात्र २००७ च्या ऑगस्ट महिन्यात भारताची पहिली आर्क्टिक मोहीम तेथे गेली तेव्हा सुरू झाला. हवेतील सूक्ष्म कणांचे मापन करणारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही त्या मोहिमेत होते. १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन-स्थानक नी-ओलेसुन येथे सुरू झाले. उत्तर ध्रुवापासून त्याचे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आहे. या सर्व कार्याचे सूत्रचालन गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून होते. म्हणजे ध्रुवप्रदेशाचा भारतातील दरवाजा कोकणच्याच किनाऱ्यावर आहे.

स्वालबारमधील लाँगइयरबीन या मुख्य वस्तीत १९९३ साली एक विद्यापीठ-केंद्र स्थापन झाले. तेथे आर्क्टिक जीवशास्त्र हा स्वतंत्र विभाग असून निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी काही आठवडे किंवा एखादे सत्र राहून क्षेत्रकार्य करतात. अलास्कातील टूलिक सरोवराकाठी १९७५ पासून चालत आलेल्या क्षेत्रस्थानकावरही पदवीपूर्व विद्यार्थी उन्हाळ्यात संशोधकांच्या हाताखाली काम करतात. अशा ठिकाणी विद्यार्थी कोणत्या क्रमाने काय शिकतो, हे आता पाहू.

पहिला पाठ जीवशास्त्राचा नसतोच. तो सुरक्षिततेचा असतो. वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलाची भीती असल्यामुळे गटाजवळ बंदूक व संदेशयंत्र असावे लागते. कोण कोठे गेला आणि केव्हा परतणार, हे नोंदवून जावे लागते. नी-ओलेसुन येथे खगोलीय रेडिओ-लहरींचे अतिसूक्ष्म मापन चालते. त्यात व्यत्यय येऊ नये म्हणून तेथे बिनतारी यंत्रे व भ्रमणध्वनीच्या लहरी बंद ठेवाव्या लागतात. विद्यार्थ्याला हे प्रारंभी केवळ निर्बंध वाटतात. हळूहळू त्याच्या ध्यानात येते की, आपले एका वनस्पतीचे मापन दुसऱ्या कोणाच्या तरी पहाऱ्यावर आणि तिसऱ्या कोणाच्या तरी संयमावर उभे आहे. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ही गोष्ट सहसा जाणवत नाही.

दुसरा पाठ काळाचा. नी-ओलेसुन येथे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही. उन्हाळ्यात प्रकाश अहोरात्र असला, तरी जमीन बर्फाखालून मोकळी होण्यास जून उजाडतो, आणि ऑगस्ट सरता सरता झाडोरा पिवळा पडू लागतो. तेथील ध्रुवीय वाळुंज हे झाड असूनही जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर वर येते. त्याचे खोड शेवाळात आडवे पडलेले असते. नरवृक्ष व मादीवृक्ष निराळे असतात, आणि बर्फ वितळताच अल्पावधीत ते फुलून घेते. फुलणे, बीज धरणे, पुढील वर्षाच्या कळ्या तयार ठेवणे, हे सारे काही आठवड्यांत उरकावयाचे असते. उमेदवार विद्यार्थ्याचा काळही तेवढाच असतो. म्हणून ‘हवामानबदलाचा वनस्पतींवर परिणाम’ असा मोठा विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचे मार्गदर्शक त्याच्या प्रश्नास कात्री लावतात. बर्फ वितळल्यापासून पहिले फूल उमलेपर्यंत किती दिवस जातात, आणि उताराच्या वरच्या व खालच्या भागांत त्यात फरक पडतो काय, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. उत्तर मिळण्याजोगा प्रश्न कापून काढणे हे संशोधनातील पहिले कौशल्य आहे, आणि आखूड ऋतू ते सक्तीने शिकवतो.

तिसरा पाठ मोजणीचा. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा चौकटीत आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून घेतात. जेथे दोऱ्या एकमेकींस छेदतात, तेथे एक बारीक सळई सरळ खाली सोडावयाची आणि ती ज्या वनस्पतीला स्पर्श करील तिचे नाव लिहावयाचे. काम अगदी सोपे दिसते. मग एकाच चौकोनाची मोजणी दोन विद्यार्थ्यांकडून, एकमेकांचे आकडे न पाहता, करून घेतात. दोघांचे आकडे बहुधा जुळत नाहीत. ही विसंगती लपवावयाची नसते, तिचे मापन करावयाचे असते. कारण दोन निरीक्षकांमधील फरक जेवढा असेल, त्याहून लहान असा वर्षावर्षांतील फरक ‘बदल’ म्हणून सांगण्याचा अधिकार आपणांस राहत नाही. आपल्या हाताची चूक किती, हे आधी ठाऊक असल्याशिवाय निसर्गाच्या हालचालीविषयी बोलता येत नाही, हे तत्त्व पुस्तकात एका ओळीत वाचून जे मनावर ठसत नाही, ते अशा एका दुपारच्या मोजणीत ठसते.

याच पद्धतीवर १९९० साली आरंभलेला आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोग उभा आहे. त्यात वनस्पतींभोवती पारदर्शक भिंतींचे, वरून उघडे असे षट्कोनी कडे ठेवतात. आतील हवा उन्हाळ्यात सुमारे एक ते तीन अंश सेल्सिअसने अधिक उबदार राहते. शेजारीच कडे नसलेला तसाच तुकडा तुलनेसाठी राखलेला असतो. अनेक देशांत एकाच पद्धतीने हे कडे ठेवले गेल्यामुळे एका ठिकाणच्या नोंदी दुसऱ्या ठिकाणच्या नोंदींशी ताडून पाहता येतात.

चौथा पाठ अधिक गहन आहे. जो ऋतू आपण पाहिला नाही, त्याचे ऋण मानावयास तो शिकवतो. स्वालबारमध्ये प्राणिजाती थोड्या, त्यामुळे त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात ऊब येऊन पाऊस पडला, तर ते पाणी जमिनीवर गोठून बर्फाचा कडक थर तयार होतो. त्याखालील चारा रेनडियरला खुरांनी उकरून काढता येत नाही. अशा हिवाळ्यानंतर रेनडियर, टार्मिगन पक्षी आणि तेथे मनुष्याबरोबर आलेला एक उंदीरवर्गीय प्राणी, या तिघांचीही संख्या एकदमच घटते. ध्रुवीय खोकडाची संख्या मात्र त्यानंतर एक वर्षाने घटते, कारण ज्या वर्षी रेनडियर मरतात त्या वर्षी खोकडास मृत जनावरांचे मांस विपुल मिळते, आणि पुढच्या वर्षी ते मिळत नाही. हा कार्यकारणभाव २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला. उन्हाळ्यात सहा आठवडे आलेल्या विद्यार्थ्याला तो कितीही तीक्ष्ण नजरेने पाहिला असता तरी दिसला नसता. अनेकांनी, अनेक हिवाळ्यांत, तीच मोजणी तशीच केली म्हणून तो दिसला. ग्रीनलंडमधील झॅकनबर्ग येथेही असेच घडले. १९९६ ते २००५ या काळातील नोंदींवरून तेथील वनस्पती, कीटक व पक्षी यांचे वसंतकालीन व्यवहार सरासरीने दशकाला सुमारे १४ दिवसांनी अलीकडे सरकल्याचे आढळले. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत असल्याचे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. हे समोर असता अशा नोंदींची किंमत किती, हे वेगळे सांगावयास नको.

पाचवा पाठ दिसावयास क्षुल्लक आहे, पण प्रस्तुत लेखकाच्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. नोंदवहीत शून्य आणि रिकामी जागा यांत भेद करावा लागतो. शून्य म्हणजे ‘शोधले, पण आढळले नाही’. रिकामी जागा म्हणजे ‘पाहिलेच नाही’. धुक्यामुळे बाहेर पडता आले नाही, त्या दिवशी शून्य लिहिणे हे असत्य होय, आणि शोधूनही फूल सापडले नाही, त्या दिवशी जागा रिकामी ठेवणे हा आळस होय. वीस वर्षांनी ती वही वाचणाऱ्याला आपला चेहरा दिसणार नाही. त्याला फक्त हा एक आकडा दिसेल. उमेदवाराचे चारित्र्य त्या आकड्यात उतरते.

आता आपल्या डोंगराकडे वळू. चांदवड तालुका पर्जन्यछायेत येतो. मृगापासून हस्तापर्यंतचा काळ सोडला, तर सातमाळ्याचा काळा पाषाण आठ महिने कोरडा असतो. पहिला जोराचा पाऊस झाला की टाकळा, कुर्डू, तेरडा, नाना जातींची गवते उगवतात, फुलतात, बी धरतात आणि पाणी आटले की वाळून जातात. ध्रुवप्रदेशात जीवनास उष्णतेची मर्यादा आहे, येथे पाण्याची आहे. हा भेद मूलभूत असून तो विसरता कामा नये. परंतु आखूड ऋतूत सारे जीवन उरकण्याची निकड दोन्हीकडे सारखी आहे, आणि म्हणून अभ्यासाची रीतही सारखीच लागू पडते.

ऋतूंचे निरीक्षण आपल्या समाजाला नवीन नाही. मखमली तांबडा मृगाचा किडा जमिनीवर दिसला की शेतकरी पेरणीचा विचार करतो. (ज्यास आपण किडा म्हणतो तो वस्तुतः कोळ्याच्या वर्गातील अष्टपाद जीव आहे.) पावसाच्या वेळी आफ्रिकेकडून येणारा आणि सातभाईच्या घरट्यात अंडी घालणारा चातक आपल्या भाषेतच घर करून बसला आहे. परंतु ‘यंदा चातक लवकर आला’ असे म्हणणाऱ्यास ‘किती दिवसांनी, आणि कोणत्या वर्षाच्या मानाने?’ असे विचारले, तर उत्तर मिळत नाही. ज्ञान आहे, नोंद नाही. आणि ज्या वर्षाची नोंद झाली नाही, ते वर्ष कोणत्याही निधीने पुन्हा विकत घेता येत नाही. पाऊस बदलला, फुलोरा बदलला, अशी चर्चा पुढे होईल, तेव्हा पुरावा म्हणून दाखवावयास आपल्याजवळ एकही वही नसेल, ही खरी हानी आहे.

तेव्हा विभागाने पुढील क्रम स्वीकारावा, अशी सूचना करावीशी वाटते. डोंगराच्या पायथ्याशी, मध्यावर व माथ्यावर, वनखात्याची अनुमती घेऊन, प्रत्येकी काही कायमचे चौकोन आखावेत. मे महिन्यात कोरड्या स्थितीची नोंद करावी. पहिल्या पावसापासून ऑक्टोबरअखेर दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजणी करावी. पहिला अंकुर, पहिले फूल, पहिले पक्व बीज यांच्या तारखा लिहाव्यात. मृगाचा किडा व चातक यांच्या प्रथम दर्शनाचीही तारीख लिहावी, आणि शून्य व रिकामी जागा यांतील भेद कटाक्षाने पाळावा. चौकोनात गुरे शिरली, तर तेही लिहावे. नोंदवही विद्यार्थ्याच्या पिशवीत राहू नये, तर विभागाच्या कपाटात राहावी, आणि जुन्या तुकडीने नव्या तुकडीला ती मोजणी शिकवूनच निरोप घ्यावा.

ध्रुवप्रदेशात जाण्याची संधी थोड्यांनाच मिळेल, हे उघड आहे. तेथील जागा मर्यादित, खर्च मोठा, आणि प्रशस्तिपत्रकासाठी जाणाऱ्याचा तेथे काही उपयोगही नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने सातमाळ्यावर दोन पावसाळे अशी वही निष्ठेने भरली आहे, तो गोव्याच्या केंद्राकडे अर्ज करील तेव्हा रिकाम्या हाताने जाणार नाही. निवड झाली नाही, तरी त्याची वही वाया जाणार नाही. ती पुढील वर्षांच्या तुलनेचा आधार होईल. शिक्षकांवरील जबाबदारी मात्र थोडी अधिक आहे, कारण विद्यार्थी दोन वर्षांनी निघून जातात आणि चौकोन तेथेच राहतात. येत्या मृगापूर्वी त्यांची आखणी पूर्ण व्हावी.