सर्कशीच्या तंबूतून रुपेरी पडद्यावर : बर्ट लँकेस्टर

इंग्रजी चित्रपटाचे नाव निघाले की आपल्या घरांतून दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "त्यात मारामारी आणि नको ते चाळे, मुलांनी बघायचे काय?" तरुण मुले म्हणतात, "भाषा कळत नाही, पण धावपळ बघायला मजा येते." दोन्ही मतांत थोडेफार तथ्य आहे. तरीही धाडसाचे आणि प्रेमाचे काही चित्रपट असे आहेत की जे कष्टकरी कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत आणि नंतर त्यावर बोलावे. अशा चित्रपटांचा एक नायक म्हणजे हॉलिवूडचा जुना नट बर्ट लँकेस्टर. या वेळी आम्ही वाचक बंधू-भगिनींना त्याची ओळख करून देत आहोत.

लँकेस्टर देखणा होता. उंचापुरा, रुंद खांद्यांचा, पांढऱ्याशुभ्र दातांचे मोठे हसू असलेला. पण देखणे नट हॉलिवूडमध्ये ढिगाने होते. त्याचे वेगळेपण त्याच्या हातापायांत होते. पडद्यावर तो दोरीला लटकून जहाजाच्या एका डोलकाठीवरून दुसरीवर जातो, तेव्हा ते काम त्याने खरोखर शिकलेले असते. त्या कसबाच्या मागे उमेदीची कितीतरी वर्षे आणि सोललेले तळहात होते.

पोटासाठी कोलांट्या

२ नोव्हेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात त्याचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून. वस्ती गरिबांची. पोट भरण्यासाठी देशोदेशींहून आलेली माणसे तेथे दाटीवाटीने राहत. वस्तीतील मुलांसाठी एक सेवाभावी केंद्र चालत असे. तेथे खेळ, व्यायाम, नाटक यांची सोय होती. अशा केंद्रांचे मोल आपल्या वस्त्यांतील माणसांना वेगळे सांगायला नको. एक तालीम, एक वाचनालय, एक मैदान मिळाले की किती मुलांचे आयुष्य सावरते, हे आपण पाहतोच.

लहानपणीच त्याची निक क्रॅव्हॅट नावाच्या मुलाशी मैत्री झाली. बर्ट उंच, निक ठेंगणा. खेळाच्या जोरावर बर्टला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली होती. पण शिक्षण अर्धवट सोडून तो निकबरोबर सर्कशीत शिरला. तो १९३० नंतरचा मंदीचा काळ होता. अमेरिकेत लाखो कामगार बेकार होते. ही जोडी गावोगावच्या तंबूंत आडव्या बारवरच्या कसरती करू लागली. मिळकत तुटपुंजी, पण पोटाला आधार होता.

आपल्याकडे कोल्हाटी आणि डोंबारी समाजांनी दोरीवरची, बांबूवरची ही कला पिढ्यान् पिढ्या जपली. लोकांनी खेळ पाहिला, टाळ्या वाजवल्या, चार पैसे टाकले. पण त्या माणसांना मान दिला नाही. तिकडेही सर्कशीतल्या माणसाला फार मोठी प्रतिष्ठा नव्हती. १९३९ मध्ये हाताला दुखापत झाली आणि बर्टला बार सोडावा लागला. मग दुकानात विक्रेत्याचे काम, हॉटेलात गाणे म्हणत वेटरचे काम, असे मिळेल ते त्याने केले. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि तेथे सैनिकांच्या करमणुकीच्या पथकात काम करू लागला. १९४६ साली 'द किलर्स' हा त्याचा पहिला चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा तो बत्तिशी ओलांडत होता. ज्या वयात अनेक जण "आता काय उरले?" म्हणून हात टेकतात, त्या वयात याचे नाव पहिल्यांदा पडद्यावर झळकले.

धनुष्य, जहाज आणि मुका मित्र

१९५० सालचा 'द फ्लेम अँड द ॲरो' हा त्याच्या धाडसी चित्रपटांतला पहिला महत्त्वाचा चित्रपट. कथा मध्ययुगातल्या इटलीतली आहे. परक्या राजाचे सरदार लोंबार्डी प्रांताच्या मुलखावर राज्य करीत आहेत. लँकेस्टर झाला आहे दार्दो नावाचा डोंगराळ भागातला धनुर्धारी. तो राजपुत्र नाही, कुठल्या मोठ्या घराण्याचा हरवलेला वारसही नाही. सुरुवातीला त्याला लोकांच्या लढ्याशी काही देणेघेणे नसते. आपण बरे आणि आपले काम बरे, असा त्याचा बाणा. सरदार त्याच्या लहान मुलाला पळवून नेतो, तेव्हा तो पेटून उठतो. पुढे त्याच्या ध्यानात येते की एकट्याच्या सूडाने काही साधणार नाही, साऱ्या गावालाच उठावे लागेल. शेवटी हे लोक किल्ल्यात शिरतात ते खेळ करणाऱ्या कसरतपटूंच्या टोळीत मिसळून. ज्यांना सरदार निव्वळ करमणूक समजतो, तेच त्याच्या दरबारात उलथापालथ करतात. यातली नायिका व्हर्जिनिया मेयो सरदाराची पुतणी आहे. तिचे आणि दार्दोचे प्रेम भांडणातून फुलते.

दार्दोचा मित्र पिकोलो मुका आहे. ही भूमिका निक क्रॅव्हॅटने केली. त्याच्या बोलण्याला न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांचा ठसका होता आणि तो जुन्या काळच्या इटलीत शोभला नसता, म्हणून त्याला मुका केला. पण हा माणूस डोळ्यांनी, हातांनी आणि कोलांट्यांनी इतके बोलतो की संवादाची उणीव भासत नाही.

दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, हीच जोडी 'द क्रिमसन पायरेट' मध्ये आली. आमच्या मते मुलांना घेऊन पाहण्यासारखा याच्याइतका मजेदार साहसपट विरळा. लँकेस्टर समुद्री चाच्यांचा कप्तान व्हालो, आणि निक पुन्हा मुका सोबती. सुरुवातीलाच कप्तान दोरीवरून झोका घेत येतो आणि थेट प्रेक्षकांकडे पाहून बजावतो की दिसते तेवढ्यावर विश्वास ठेवा, आणि त्यातलेही निम्मेच खरे माना! पुढे तर गंमतच गंमत आहे. जहाजावर सगळे मरून पडल्याचे सोंग करून चाचे राजाचे लढाऊ जहाज ताब्यात घेतात. उलट्या होडीखाली हवा धरून समुद्राच्या तळावरून चालतात. एका विद्वानाच्या मदतीने उष्ण हवेचा फुगा उडवतात. कप्तान आधी पैशासाठी दोन्ही बाजूंना फसवायला निघालेला असतो. पण बंडखोर पुढाऱ्याची मुलगी कॉन्सुएलो त्याला भेटते आणि त्याचे मन बदलते. पैशाकडून माणसांकडे त्याला नेणारे हे प्रेम आहे, म्हणून ते आम्हाला भावते.

या दोन्ही चित्रपटांना भाषेची अडचण फारशी येत नाही. आजी आणि नातू शेजारी बसून पाहतील आणि दोघेही एकाच ठिकाणी हसतील.

हारलेला प्रेमी, जिंकलेला ट्रकवाला

प्रेमाच्या चित्रपटांत लँकेस्टरचे नाव सर्वांत जास्त निघते ते १९५३ सालच्या 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' मुळे. हवाई बेटाच्या किनाऱ्यावर लाटा अंगावरून जात असताना तो आणि डेबोरा कर यांच्या मिठीचे दृश्य जगभर गाजले. पण त्या दृश्यापलीकडे चित्रपटात बरेच काही आहे. लँकेस्टर सैन्यात सार्जंट आहे. ती त्याच्याच कप्तानाची दुखावलेली बायको. त्याने अधिकारी व्हावे, म्हणजे दोघांना लग्न करून नवे आयुष्य सुरू करता येईल, असे तिचे म्हणणे. पण याला साहेबांच्या पंगतीत बसायचेच नसते. त्याचा जीव आपल्या शिपायांत रमलेला. तो अर्ज करीत नाही आणि प्रेम हातचे जाते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमाने बॉम्ब टाकू लागतात, तेव्हा तो आपल्या जवानांना घेऊन छतावर उभा असतो. तो बरोबर वागला की चुकला, यावर नवरा-बायकोने जरूर वाद घालावा.

'द रोझ टॅटू' हा १९५५ सालचा चित्रपट कमी बोलला जातो, पण आम्हाला तो विशेष जवळचा वाटतो. नायिका सेराफिना शिवणकाम करून पोट भरणारी विधवा. मेलेल्या नवऱ्याच्या रक्षेपुढे ती आयुष्य कोंडून घेते आणि तरुण मुलीलाही कोंडते. तिच्या दारी लँकेस्टर येतो तो साध्या ट्रक ड्रायव्हरच्या वेषात. खिशात पैसा नाही, वागणे वेंधळे, डोक्यावर घरच्या माणसांचा भार. नवऱ्याने आपल्याला फसवले होते हे सेराफिनाला कळते, आणि हळूहळू ती पुन्हा जगायला तयार होते. विधवेलाही मन असते, तिला पुन्हा हसण्याचा हक्क आहे, हे येथे भाषण न करता सांगितले आहे. ॲना मान्यानी या इटालियन अभिनेत्रीला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तिच्यापुढे लँकेस्टर खुशाल विदूषक होतो. नायकाचा तोरा बाजूला ठेवण्यालाही मोठे मन लागते.

भागीदारांसह त्याने स्वतःची चित्रपटसंस्था काढली होती. तिने १९५५ मध्ये 'मार्टी' हा चित्रपट काढला. त्यात लँकेस्टर नाही. एक साधा खाटीक आणि एक साधी शिक्षिका यांची ती प्रेमकथा, आणि तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

झेलणारे हात

१९५६ सालच्या 'ट्रॅपीझ' मध्ये तो आपल्या जुन्या तंबूत परतला. पॅरिसच्या एका खऱ्या सर्कशीत हा चित्रपट चित्रित झाला. उंच झुल्यावरून पडून लंगडा झालेला कसरतपटू एका तरुणाला हवेतील तिहेरी कोलांटी शिकवतो. उडणाऱ्या तरुणाच्या भूमिकेत टोनी कर्टिस, आणि दोघांच्या मध्ये येणारी सुंदरी जीना लोलोब्रिजिदा. उडणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण झेलणाऱ्याचे हात चुकले तर सगळे संपले. लँकेस्टर येथे झेलणारा आहे. या भूमिकेबद्दल त्याला बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला.

सारेच निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९५४ च्या 'अपाचे' मध्ये शरण न जाणाऱ्या आदिवासी योद्ध्याची बाजू त्याने कळकळीने मांडली. पण आदिवासीची भूमिका रंग फासलेल्या गोऱ्या नटाने करावी, हे आज खटकते. ज्यांची कथा, त्यांना पडद्यावर जागा का नाही, हा प्रश्न आपल्याही चित्रपटांना विचारावा लागतो. 'अपाचे' चा शेवट मूळचा दुःखी होता. तो धंद्यासाठी बदलला गेला.

पण 'द ट्रेन' (१९६४) मात्र प्रत्येक रेल्वे कामगाराने पाहावा असा आहे. १९४४ चा ऑगस्ट महिना. जर्मन कर्नल पॅरिसमधली अनमोल चित्रे आगगाडीत भरून पळवू पाहतो. फ्रान्सचे रेल्वे कामगार ती गाडी अडवतात. स्टेशनांच्या पाट्या बदलून गाडीला ते असे काही फिरवतात की जर्मनीला चाललेली गाडी फ्रान्समध्येच राहते! लँकेस्टर रेल्वेतला अनुभवी माणूस लाबिश. बिघडलेल्या इंजिनाचे बेअरिंग तो स्वतःच्या हातांनी ओततो, शिडीवरून घसरत उतरतो, धावत्या गाडीवर उडी घेतो. तेव्हा त्याचे वय पन्नासच्या घरात होते. शेवटी रुळांच्या कडेला चित्रांची खोकी आणि गोळ्या घातलेल्या निरपराध माणसांची प्रेते शेजारी शेजारी दिसतात. कला मोठी की माणूस, हा प्रश्न चित्रपट आपल्यावर सोपवतो.

याच चित्रपटाच्या काळात, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, लँकेस्टर फ्रान्सहून वॉशिंग्टनला गेला. त्या दिवशी काळ्या बांधवांच्या हक्कांसाठी सुमारे अडीच लाख लोक तेथे जमले होते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाजलेले भाषण तेव्हाचेच. युरोपात राहणाऱ्या सुमारे दीड हजार अमेरिकनांनी सह्या करून पाठवलेला पाठिंबा लँकेस्टरने त्या सभेत सादर केला. हॉलिवूडचा गोरा नट अशा मोर्चात उघडपणे उभा राहतो, तेव्हा नाराज होणारा प्रेक्षकही असतोच. त्याने ते ओळखून पाऊल टाकले. तिकडच्या त्या लढ्याशी आपले नाते आहेच. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून.

१९६० च्या 'एल्मर गँट्री' मधल्या ढोंगी धर्मप्रचारकाच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. १९९४ च्या जानेवारीत निक क्रॅव्हॅट गेला आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला बर्ट लँकेस्टरने जगाचा निरोप घेतला. ईस्ट हार्लेममध्ये जमलेली जोडी एकाच वर्षी पडद्याआड झाली.

आज हे चित्रपट मोबाईलवरही शोधता येतात. 'क्रिमसन पायरेट' मुलांसोबत पाहा; 'रोझ टॅटू' आणि 'इटर्निटी' मोठ्यांनी पाहावेत. मुले उड्या मारायला लागतील, तेव्हा त्यांना रागावू नका. एवढेच सांगा की त्या माणसाने एकेका उडीसाठी कितीतरी वर्षे घाम गाळला होता, आणि खाली झेलायला नेहमी एक मित्र उभा होता.