दंतवैद्याचा हात आणि दंतवैद्याचा विचार

वरची दाढ दुखते म्हणून एखादा शेतकरी दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येतो. रात्रभर झोप नाही, एस. टी.चे भाडे खर्च झालेले; तेव्हा दाढ काढूनच टाका, असा त्याचा आग्रह असतो. समोरच्या विद्यार्थ्याला दाढ काढता येते. परंतु दाढेला कीड नसेल, लगतच्या दोन-तीन दातांवर हलकेच ठोकले असता सारेच ठणकत असतील, वाकल्यावर दुखणे वाढत असेल आणि नुकतीच सर्दी होऊन गेली असेल, तर दोष दाढेचा नसून वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळीचा, म्हणजे सायनसचा, असण्याचा संभव अधिक. अशा वेळी चिमटा खाली ठेवणे हेच कौशल्य होय. निरोगी दाढ गेली, तरी दुखणे राहतेच.

हे कौशल्य शिकवावे कसे आणि पारखावे कसे, हा दंतवैद्यक शिक्षणातील अवघड प्रश्न आहे. या विद्येत हाताच्या सफाईला मोठे स्थान आहे व ते रास्तच होय. विद्यार्थ्याने किती दाढा काढल्या, किती भरल्या, याची नोंद ठेवण्याची प्रथाही जुनी आहे. मात्र विचारपूर्वक न काढलेल्या दाढेसाठी अशा वहीत रकाना नसतो!

चिकित्सक विचार म्हणजे संशयखोरपणा नव्हे. एकाहून अधिक शक्यता मनात धरणे, प्रत्येकीच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा तपासणे आणि नवी गोष्ट कळताच मत बदलणे, असा त्याचा अर्थ आहे. जिभेच्या कडेला झालेला व्रण दाताच्या टोकदार कडेमुळे झाला असेल, हा तर्क सयुक्तिक असतो. ती कड घासून गुळगुळीत करावी, हेही बरोबर. परंतु रुग्ण तंबाखू खातो काय, हे विचारलेच पाहिजे व दोन आठवड्यांनी त्याला पुन्हा बोलाविले पाहिजे. तोवर व्रण भरला नाही, तर पहिला तर्क सोडून कर्करोगाच्या शक्यतेने तुकडा तपासणीस पाठविणे भाग आहे. येथे पहिल्या मताला चिकटून राहणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

असा विचार केवळ व्याख्यानांतून अंगी बाणत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत १९६९ साली प्रत्यक्ष समस्येपासून अभ्यास सुरू करण्याची पद्धती अवलंबिली गेली. लहान गटापुढे रुग्णाची हकिगत ठेवावयाची आणि कोणती माहिती हवी, हे गटानेच ठरवावयाचे. पुढे दंतवैद्यकानेही ती स्वीकारली. यात गप्प राहणे हे शिक्षकाचे सर्वांत कठीण काम असते.

परीक्षेचा प्रश्न याहून बिकट. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी ठरावीक वेळात एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जातात व प्रत्येक ठिकाणी नेमलेले काम करतात. सर्वांना सारखीच कसोटी, हा तिचा मोठा गुण. परंतु परीक्षकाच्या हाती केवळ खुणा करण्याची यादी असेल, तर प्रश्न पाठ करून आलेला विद्यार्थीही गुण मिळवितो. प्रश्न का विचारला, हे यादीला कळत नाही. म्हणून काही ठिकाणी तीन पायऱ्यांची तोंडी परीक्षा घेतात. विद्यार्थी प्रथम आपले तर्क मोठ्याने मांडतो, मग ग्रंथालयात जाऊन शंकांचा शोध घेतो आणि परत येऊन आपले मत का टिकले किंवा का बदलले, ते सांगतो.

अशा परीक्षेत निकष आधी ठरविलेले हवेत व दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावयास हवेत. अन्यथा परीक्षकाच्या आवडीनिवडीला वाव मिळतो. ‘एवढ्या माहितीवर निश्चित सांगता येत नाही’ हे उत्तर कारणांसह आले, तर त्यालाही गुण असावेत.

बाहेर रुग्णांची रांग असताना याला वेळ कोठून आणावा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तथापि प्रत्येक रुग्णामागे नसले, तरी दिवसाकाठी एका रुग्णाच्या खुर्चीपाशी, विद्यार्थ्याने हत्यार उचलण्यापूर्वी, दोन प्रश्न विचारता येतात: दुसरे काय असू शकेल? आणि काय आढळले तर तुमचे मत बदलेल? उत्तरे त्याच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवली, तर वर्षअखेर परीक्षकापुढे काढलेल्या दाढांच्या आकड्याशेजारी तीही येतील.